डेस्मंड हेगचा अर्धा चमचा

डेस्मंड हेग बिअर चाखायच्या आधी ग्लास कानाला लावतो. नाकाला नाही, कानाला. डोळे मिटतो, खालचा ओठ पुढे काढतो आणि छातीत कफ आहे का हे डॉक्टरनं ऐकावं तसं ऐकत राहतो. मग ग्लास खाली ठेवून म्हणतो, "ही बडबडतेय."

निदान गेल्या वर्षापर्यंत म्हणायचा.

ओल्डरॉइडमधल्या कुठल्याही पोराला सांगा, करून दाखवेल. आधी नाकातून एक लांब उसासा. मग 'ही', आणि 'ही'नंतर एवढी विश्रांती की मध्ये चहाचं आधण यावं. मग 'बडबडतेय', जणू मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारलीय. डेस्मंड आमच्या शाळेचा केअरटेकर होता. बॉयलर, किल्ल्या आणि फुटलेल्या काचा यांच्यावर त्याचं राज्य होतं, त्यामुळे त्याचा आवाज आईबापांनाही पाठ आणि पोरांनाही पाठ.

निवृत्त झाल्यावर ते राज्य क्रिकेट क्लबच्या चहाच्या खोलीत हललं. तिथे महिन्यातून एकदा आमच्या गावचं घरबिअर मंडळ भरतं. चॅपलचं सभागृह मोठं आहे, उबदारही आहे, पण चॅपलवाल्यांना दारू सोडाच, खोकल्याच्या औषधाचासुद्धा वास चालत नाही. म्हणून मग क्लबची खोली, डुगडुगणारी टेबलं, व्हिनेगरमधले कांदे, क्रॉसलीच्या दुकानातले खिमा भरलेले पोर्क पाय आणि कोपऱ्यात कुंडीतलं रबराचं झाड. त्या झाडाकडे लक्ष असू द्या.

मंडळातला प्रत्येक जण घरी बिअर करतो आणि बाटल्यांत भरतो. बूच लावायच्या आधी बाटलीत थोडी साखर घालायची. बिअरमध्ये उरलंसुरलं यीस्ट असतं, ते ती साखर खातं आणि बिअरमध्ये गॅस धरतो. सगळा खेळ त्या साखरेचा. जास्त झाली तर बिअर जिभेला टोचते, कमी झाली तर डबक्यातलं पाणी. आमच्याकडची बिटर, म्हणजे रोजची कडवट बिअर, मऊ असायला हवी, यावर सगळ्यांचं एकमत आहे. किती मऊ, यावर मात्र अख्खं खोरं भांडू शकतं. मंडळात ते भांडण कधी झालं नाही, कारण तिथे डेस्मंड होता.

"बिटरला अर्धा चमचा," तो सांगायचा. "सपाट. वरची साखर बोटानं पुसून टाकायची. हलक्या माइल्ड बिअरला त्याहून जरा कमी. थंड तळघरात आंबवली असेल तर आणखी कमी, कारण थंडीत बिअर आपला गॅस आपल्यापाशी ठेवते. नाताळच्या कडक बिअरला हवी तर चिमूटभर जास्त, पाहुण्यांना बरं वाटतं. पण एक सांगतो, जिच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं ना, तीच बिअर बडबडते."

ही शिकवण अगदी बरोबर होती. सगळे तिच्याप्रमाणे वागायचे आणि सगळ्यांची बिअर चांगली व्हायची. एकट्या डेस्मंडची सोडून.

डेस्मंडची बिटर म्हणजे खिडकीत ठेवून विसरलेला चहा. ग्लासात पडताना आवाज नाही, वर फेस नाही, तोंडात गेली तरी आपण आलोय हे सांगायची तिची इच्छा नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? आमच्या गावात माणसाला त्याची बिअर वाईट झालीय असं सांगण्यापेक्षा त्याच्या छपराला आग लागलीय हे सांगणं सोपं, आणि तेही आधी हवापाण्याचं बोलून झाल्यावर. त्यामुळे त्याची बाटली फिरली की स्तुती सुरू व्हायची. नेव्हिल क्रॉसली हा आमचा खाटीक. त्याचा आवाज दुकानातून बसस्टॉपपर्यंत जातो. पण डेस्मंडची बिअर तोंडात असली की तो प्रेतयात्रेतल्यासारखा हळू बोलायचा, "खरी चीज आहे रे, डेस्मंड. अगदी खरी." पोस्टातल्या ट्रेव्हरचं प्रत्येक वाक्य माफी मागत संपतं. तो म्हणायचा, "वेगळीच लागते, नाही का? म्हणजे, चांगल्या अर्थानं वेगळी, बरं का." मग ट्रेव्हर आपला ग्लास घेऊन रबराच्या झाडाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचा. त्याला झाडं आवडतात, असं डेस्मंड समजायचा.

स्वतः डेस्मंडला ती बिअर मनापासून आवडायची. लहानपणी बापासाठी तो टेकडीखालच्या पबमधून किटलीत बिअर भरून आणायचा. चढ मोठा, वाटेत मित्र भेटायचे, भिंतीवर बसून दोन चोरटे घोट व्हायचे. बाप घोट घेऊन काही न बोलता मान हलवायचा. तीच चव डेस्मंडच्या जिभेवर बसली. पबमध्ये जाणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. तिथली बिअर बडबडते म्हणून.

आता आयरीनचं सांगतो.

आयरीन पॉगसन शाळेत डेस्मंडच्या एक इयत्ता मागे होती. तिचा नवरा कॉलिन घरी बिअर करायचा, पण लाजाळू माणूस, मंडळात कधी आला नाही. मागच्या शेडच्या भिंतीवर त्यानं बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचा वेल चढवला होता. उन्हाळा संपता संपता त्याच्या हिरव्या बोंडांचा वास पार गल्लीत यायचा. कॉलिन गेल्यानंतरच्या वर्षी आयरीननं ती बोंडं खुडली, त्याची भांडी धुऊन काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बिअर केली. साखर किती घालायची ते तिनं बसमध्ये डेस्मंडलाच विचारलं. त्यानं सांगितलं, अर्धा चमचा, सपाट, बोटानं पुसून.

ती बाटली घेऊन मंडळात आली तेव्हा तिनं केस सेट करून घेतले होते. डेस्मंडनं ग्लास कानाला लावला. डोळे मिटले. ओठ पुढे आला. 

"ही," तो म्हणाला, आणि थांबला. "ही बडबडत नाही. ही विमा विकायला आलीय."

सगळे हसले. डेस्मंडला हशा मिळाला की त्याला पुढचं सुचतं.

"आयरीन, चमचा म्हणालो होतो मी. फावडं नाही."

"मी अर्धाच घातला, डेस्मंड."

"मग तुझा अर्धा आणि माझा अर्धा वेगळा दिसतोय." पुन्हा हशा. "काही हरकत नाही गं. नातवाच्या वाढदिवसाला दे. वर दोन मेणबत्त्या लाव."

आयरीनही हसली. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढीच. मग तिनं बाटलीला बूच लावलं, बाटली पिशवीत ठेवली, कोट चढवला आणि बस चुकेल म्हणाली. बसला बराच अवकाश होता. नेव्हिल नंतर म्हणाला की त्याला ती बिअर चांगली वाटली होती. पण हे तो फुटपाथवर म्हणाला, ट्रेव्हरला, आणि तेही आपल्या नव्हे, ट्रेव्हरच्या आवाजात.

त्यानंतर आयरीन मंडळात आली नाही. बसमध्ये डेस्मंड चढला की तिला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं. डेस्मंडनं बायकोला सांगितलं, "जरा मनाला लावून घेते ती."

दोन वर्षं अशीच गेली. मंडळाच्या वार्षिक जेवणाला बिटर डेस्मंडची, हा रिवाज. गेल्या वर्षी त्या जेवणासाठी तो बाटल्या भरत होता. दोन-चार बाटल्या झाल्या असतील तेवढ्यात त्याच्या हातून चमचा निसटला, फरशीवर टणकन आपटला आणि शेगडीमागे गेला. हा चमचा त्याच्या आईचा. स्कारबरोला समुद्रावर गेली होती तेव्हा तिनं आणलेला, दांड्यावर किल्ल्याचं चित्र असलेला. आई गेल्यावर डेस्मंडनं तिच्या घरातून एवढीच वस्तू आणली, आणि साखर मोजायला तो दुसरा चमचा हातात धरायचा नाही. पण शेगडी जड, यीस्ट खोळंबलेलं. त्यानं कुरकुरत खणातला साधा चहाचा चमचा घेतला आणि उरलेल्या बाटल्या भरल्या.

जेवणाच्या आदल्या दिवशी त्यानं एक बाटली उघडून पाहिली. बाटलीनं उसासा टाकला. ग्लासात बोटभर पांढरा फेस उभा राहिला आणि जाईना. डेस्मंडनं ग्लास कानाला लावला आणि जागच्या जागी खाली बसला.

"हिल्डा," त्यानं बायकोला हाक मारली. "साखर कुठल्या दुकानातली होती?"

"नेहमीच्या."

"बिघडलीय."

"साखर कशी बिघडेल?"

"मग यीस्ट बिघडलंय. काहीतरी बिघडलंय. मी उद्या तोंड कसं दाखवू?"

नवी बिअर करायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी तो क्रेट घेऊन क्लबवर गेला, मालक नको म्हणत असताना मागे लागलेल्या कुत्र्यासारखा, भिंतीच्या कडेकडेनं. ओतायच्या आधीच म्हणाला, "या खेपेला जरा चुकलंय. बडबडी झालीय. सांभाळून घ्या."

नेव्हिलनं घोट घेतला. मग दुसरा. खरी चीज म्हणाला नाही.  ग्लास रिकामा केला, मिशा पुसल्या आणि आपल्या दुकानातल्या आवाजात विचारलं, "आणखी आहे का?"

ट्रेव्हर टेबलाच्या मधोमध बसला होता. झाडाशेजारची खुर्ची रिकामी होती. ट्रेव्हरनंही ग्लास पुढे केला, आणि पहिल्यांदाच त्याचं वाक्य माफी न मागता संपलं. "मलाही."

क्रेट रिकामा झाला. कुणी एका शब्दानं तारीफ केली नाही. डेस्मंड सगळ्यांच्या ग्लासांकडे पाहत राहिला. तळाला फेसाची वेटोळी चिकटली होती, बाकी लख्ख. इतक्या वर्षांत आपल्या बिअरचा रिकामा ग्लास आपण पाहिलाय का, हे तो आठवून पाहू लागला. शब्द आठवले, ढिगानं. ग्लास आठवेना. मग त्यानं मान वळवून रबराच्या झाडाकडे पाहिलं. खालची पानं सगळी गळालेली, कुंडीतली माती काळी, चिकट, वर साय धरल्यासारखी. तो उठला, चार पावलं गेला आणि वाकून वास घेतला. तो वास त्याच्या ओळखीचा होता.

सकाळी त्यानं शेगडी ओढली, चमचा काढला, पुसला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. खणातला चहाचा चमचा घेतला. स्कारबरोच्या चमच्यात साखर भरली, बोटानं सपाट केली आणि चहाच्या चमच्यात ओतली. तळ जेमतेम झाकला. दुसऱ्यांदा भरून ओतली. चमचा अजून भरलाच नव्हता. तो शोभेचा चमचा होता. काचेच्या कपाटात मांडायचा. किल्ला मोठा आणि वाटी वाटाण्याएवढी. त्याचाही डेस्मंड अर्धा घेत होता.

हिल्डा दारात येऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"माझी बिअर."

"मी शेरी पिते, डेस्मंड," ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या पहिल्या नाताळपासून. का पिते, हे तू कधी विचारलं नाहीस."

 पहिल्यांदा त्याचे कान लाल झाले, मग मान. बापाचं ते मान हलवणं आता त्याला नीट दिसलं. बिअर पबमधून निघताना जिवंत असायची. किटली हिंदकळत, भिंतीवर टेकत, चढ चढून घरी येईपर्यंत ती मरायची. बाप काही बोलायचा नाही, कारण पोरानं एवढं चढून आणलीय. म्हणजे बापापासूनच सुरुवात होती.

पण एवढंच असतं तर त्याला हसू तरी आलं असतं. आयरीनची आठवण आली आणि हसू गेलं. मग तुझा अर्धा आणि माझा अर्धा वेगळा दिसतोय. असं म्हणालो होतो आपण.

तो त्याच दिवशी तिच्याकडे गेला. रुमालात दोन्ही चमचे. आयरीन मागच्या अंगणात घेवड्याच्या काठ्या उपटत होती. शेजारची डोरीन कपडे वाळत घालत होती, आणि डोरीनचे कपडे अशा वेळी वाळत घालून संपतच नाहीत, म्हणून पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे.

"वारा सुटलाय," डेस्मंड म्हणाला.

"सुटलाय खरा."

"घेवडा बरा झाला का?"

"झाला आपला."

"तुझं ते पन्हाळं जरा कललंय, आयरीन. सांगून ठेवतो."

"डेस्मंड, तू पन्हाळं बघायला आलायस का?"

 मग त्यानं रुमाल भिंतीवर उलगडला आणि दोन्ही चमचे शेजारी शेजारी ठेवले. "हा माझा," तो म्हणाला. "हा तुझा. म्हणजे सगळ्यांचा."

आयरीननं हातमोजे काढले. चमचे उचलले नाहीत, नुसते पाहिले. तिला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे माझा बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि बिअर?"

"बिअर चांगली होती, आयरीन."

"उरलेल्या सगळ्या बाटल्या मी मोरीत ओतल्या. उभी राहून, एकेक करून."

डेस्मंडला कुठे बघावं कळेना, म्हणून त्यानं शेडकडे पाहिलं. भिंतीवर तारा होत्या. तारांवर काही नव्हतं.

"कॉलिनचा वेल?" त्यानं विचारलं.

"उपटला. बिअर करायची नाही तर कशाला हवा? मुळं खोल गेली होती. भाच्याला बोलवावं लागलं, कुदळ घेऊन."

डोरीन सांगते की यानंतर इतका वेळ कुणी बोललं नाही की तिला खरोखरच एक चादर पुन्हा पिळावी लागली.

"माफ कर," डेस्मंड म्हणाला. तेही तारांना.

"इथे नको," आयरीन म्हणाली. "तू तिथे बोललास. खोलीभर माणसं होती. हेही तिथेच बोल. मी ऐकायला येईन."

पुढच्या बैठकीला ती आली. दाराजवळची खुर्ची घेतली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पर्स मांडीवर. डेस्मंड उभा राहिला. इस्त्री केलेला शर्ट, टाय. शाळेत बॉयलरच्या आवाजावरसुद्धा चढणारा त्याचा आवाज त्या दिवशी जेमतेम पहिल्या टेबलापर्यंत पोचला.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझा चमचा चुकीचा होता. पहिल्यापासून. माझी बिअर सपाट होती आणि मी दुसऱ्यांना नावं ठेवत होतो."

आणि आमच्या लोकांनी काय करावं? त्यांनी त्याला सांभाळून घेतलं.

"छे रे," नेव्हिल एकदम प्रेतयात्रेच्या आवाजात म्हणाला. "कोण म्हणतं? खरी चीज होती."

"मला तर कधी जाणवलं नाही," ट्रेव्हर म्हणाला. "म्हणजे, मला मऊच आवडते, बरं का."

"बस खाली, डेस्मंड. पोर्क पाय खा."

डेस्मंड उभाच राहिला. कबुली द्यायला आलेल्या माणसाला सगळे मिळून दारातूनच परत पाठवत होते. त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मग ते झाड कशानं मरायला टेकलंय, ट्रेव्हर?"

ट्रेव्हरनं झाडाकडे असं पाहिलं जणू ते आत्ताच आत आलंय.

"सपाट होती, डेस्मंड," दाराजवळून आयरीन म्हणाली. "पहिल्या दिवशी तूच मला ओतून दिलीस. सपाट होती."

बस्स. एवढंच लागलं. नेव्हिलच्या तोंडून हसू फुटलं आणि मग त्याचा खरा आवाज. "माझ्या आईची शपथ, डबकं होतं रे. मी घरी जाऊन चूळ भरायचो."

"मी खिशात फोर्क आणायचो," कुणीतरी म्हणालं. "टेबलाखाली ढवळायचो, निदान बुडबुडा तरी येईल म्हणून."

"झाडाला पण नको होती," ट्रेव्हर म्हणाला. "पहिल्या वर्षी ते वाकलं होतं माझ्याकडे. नको म्हणून."

खोली हसत होती. टेबलं डुगडुगत होती. आणि मधोमध टाय लावून उभा असलेला डेस्मंडही हसत होता. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढाच. हसता हसता त्याची नजर आयरीनवर गेली. ती हसत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. तसं हसायला आतून किती बळ लागतं, हे तिला ठाऊक होतं. डेस्मंडचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"हिनं फावड्यानं साखर घातली, असं मी म्हणालो होतो," हशा ओसरल्यावर तो म्हणाला. "हिचा अर्धा बरोबर होता. हिची बिअर त्या दिवशी इथल्या सगळ्यांत चांगली होती, आणि ती मोरीत गेली. माझ्यामुळे. तो वेलही गेला. ते काही मला भरून देता येणार नाही."

यावर कुणी "छे रे" म्हणालं नाही.

नेव्हिलनं आयरीनला एक ग्लास नेऊन दिला. तिनं अर्धा प्यायला, बसूनच, कोट न काढता. मग उठली.

"पुढच्या महिन्यात माझी बहीण येतेय," ती दारातून म्हणाली. "त्याच्या पुढच्या महिन्यात बघू."

आजवर ती दोनदा आलीय. कोट अजून काढलेला नाही. बिअर आणलेली नाही.

डेस्मंडची नक्कल मात्र पोरांना पुन्हा शिकावी लागतेय. ग्लास उचलला की सवयीनं त्याचा हात अजून कानाकडे जातो. वाटेत कुठेतरी थांबतो, हनुवटीच्या जरा वर, गालाच्या जरा पुढे. तिथे क्षणभर तसाच राहतो, मग खाली येतो, आणि डेस्मंड गुपचूप पितो. जुनं 'ही बडबडतेय' कुणालाही जमायचं. हे जमत नाही. हात एकतर फार वर जातो नाहीतर लवकर थांबतो, आणि नेमक्या जागी थांबलाच तर बघणारं कुणी हसत नाही.